सुट्टीत संशोधन कुणाला परवडतं?

प्राचार्य महोदय, सहकारी प्राध्यापक आणि मुला-मुलींनो,

इचलकरंजीहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील यंत्रमागावर, आई कांड्या भरायची. एकदा पंचगंगेच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा प्रयोग लावला होता. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घातलं की तपकिरी साका बसतो, तो पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे. हिच्या बाटलीत साका पांढराच बसला. बाकीची पोरं म्हणाली, रसायन शिळं झालंय. ती म्हणाली, "सर, रसायन बरोबर आहे. त्याच बाटल्यांतलं घालून नळाचं पाणी तपासलं, तिथं तपकिरी आलं की." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकातलं उत्तर आलं नाही म्हणून तिनं स्वतःच्या हातावर शंका घेतली, ती तपासली, मग पाण्याकडे बोट दाखवलं. संशोधन म्हणतात ते हेच.

मी तिला उन्हाळी फेलोशिपचा अर्ज भरायला लावला. निवड झाली. दोन महिने एका मोठ्या संस्थेत काम, राहायची सोय, वर विद्यावेतन. पण विद्यावेतन शेवटी मिळणार. रेल्वेचं तिकीट, वसतिगृहाची अनामत, मेसचे पैसे आधी भरायचे. आणि त्याच दोन महिन्यांत ती कारखान्यात कांड्या भरून पुढच्या वर्षाची फी जमवायची. ती गेली नाही. मला हे कळलं जूनमध्ये, कॉलेज उघडल्यावर. मी विचारलं नव्हतं म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

तुमच्यापैकी अनेकांची सुट्टी अशीच आहे. कुणी शिरोलीला फाउंड्रीत जातं, कुणी गुऱ्हाळावर, कुणी घरच्या उसात. सुट्टी हा आपल्या पोरांचा कमाईचा हंगाम असतो, आणि संशोधनाच्या बहुतेक संधी नेमक्या त्याच हंगामात येतात.

आपल्या कोल्हापूरला ही गोष्ट नवी नाही. 26 जुलै 1902 चा 50 टक्के राखीव जागांचा जाहीरनामा सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 1901 मध्ये, शाहू महाराजांच्या पाठबळानं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. शाळेचं दार उघडलं तरी खेड्यातलं पोर रात्री झोपणार कुठं, भाकरी कोण देणार, याचा महाराजांनी विचार केला होता. फी माफ करून भागत नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आज बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था पीएच.डी.ला फेलोशिप देतात. फार मोलाचं काम आहे ते. पण तिथवर पोहोचायला आधी पोरानं टिकावं लागतं. विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाला 80,000 रुपये आहेत, त्यातले 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठीच. मात्र तिची मुख्य वाट बारावीच्या बोर्डात वरच्या 1 टक्क्यात येणाऱ्यांसाठी. नव्या चार वर्षांच्या पदवीत चौथं वर्ष संशोधनाचं घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के हवेत. रात्रपाळी करणाऱ्या पोराचे 68 आणि घरी बसून अभ्यास केलेल्याचे 76, यात हुशार कोण हे मला गुणपत्रिकेवरून सांगता येत नाही.

म्हणून व्यवस्थापनाकडे माझी एक मागणी आहे. आपल्याकडे 'कमवा आणि शिका' योजना आहे. ती मुलं बागेला पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात. त्यातले काही तास प्रयोगशाळेत द्या. नमुने आणायचे, टायट्रेशन करायचं, नोंदवही ठेवायची, आणि तासाचे पैसे तेच. ज्यांची बाहेर निवड होईल त्यांना तिकिटाचे आणि अनामतीचे पैसे कॉलेजनं उसने द्यावेत, विद्यावेतन आलं की परत घ्यावेत. त्या उसन्या निधीत पहिले 10,000 रुपये मी आजच देतो.

मुलांनो, शिफारसपत्राला लाजू नका. मला तुमचं नाव माहीत नसेल तर येऊन सांगा. शनिवारी सकाळी सात वाजता मी शिवाजी पुलाजवळ घाटावर असेन. बाटल्या मी आणतो, तुम्ही वही आणा.