चापडगावच्या पाण्यावरचे हळदी-कुंकू

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला, तो शेतीला पाणी मिळावे म्हणून. पुढे त्यात गाळ साचला, बेटे वर आली, पाणकणीस माजले आणि साठवणीला उणा पडत गेलेला हा जलाशय पाणपक्ष्यांना मात्र चांगलाच मानवला. हेच नांदूर मध्यमेश्वर. २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले.

या जलाशयालगतच्या चापडगावच्या काठावर दुर्बीण आणि रेखाटनवही घेऊन बसलेल्या चित्रकाराला पहिला धडा मिळतो तो बारमाही राहणाऱ्या हळदी-कुंकू बदकाकडून. काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा, चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. नाव ठेवणाऱ्याने रंगपेटीच उघडून दिली आहे. पण हे दोन रंग क्षणात भरून होतात. दिवस जातो तो तपकिरी पिसांत, कारण प्रत्येक पिसाला फिकट कड असते आणि छातीकडून कुशीकडे पिसे मोठी होत जातात. पाठीवरचा पांढरा पट्टा तर रंगवायचाच नसतो. जलरंगात तिथे कागद कोरा राखावा लागतो.

थापट्या, तलवार बदक, भुवई बदक हे पाहुणे हिवाळ्याच्या तोंडावर उतरतात, तेव्हा नरही मादीसारखेच मातकट दिसतात, कारण विणीनंतर त्यांचा भडक पिसारा गळून गेलेला असतो. म्हणून ऑक्टोबरच्या चित्रात ठसठशीत पांढऱ्या भुवईचा नर दिसला, की ते चित्र पुस्तकावरून काढले असावे अशी शंका येते.

लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलेल्या छायाचित्रात मागचे सगळे धूसर होते आणि त्यावरून काढलेले बदक कुठल्याही तळ्यातले वाटते. प्रत्यक्षात पाण्याची खोली पक्ष्याच्या बसण्यातूनच कळते: उथळ पाण्यात चरणारे बदक शेपटी उचलून हलके तरंगते, तर बुडी मारणारी लालसरी पाण्यात खोल बसते आणि तिची शेपटी पाण्याला टेकते.

निफाडच्या थंडीत पहाटे धुके असले, तर कागदावरचा पहिला हात वाळता वाळत नाही. तेवढ्या वेळात चिखलाचा काठ आणि पाणकणसाची थरथरती सावली उतरवून होते, मधोमध बदकाच्या आकाराची कोरी जागा राहते. कुंकवाचा ठिपका सगळ्यांत शेवटी, ऊन वर आल्यावर.