निफाडचा पारा

(दृश्य: पहाट, धुक्यातलं शिवार)
डिसेंबर उजाडला की बातमी ठरलेली: निफाडचा पारा घसरला. तो मोजतात इथे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात.

(दृश्य: पांढरी पेटी, दार उघडताना)
ही स्टीव्हन्सन स्क्रीन. दुहेरी झडपांमधून वारा खेळतो, ऊन आत शिरत नाही. दारही उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी तिरीप तापमापकावर पडायला नको. आत चार तापमापक, दोन उभे, दोन आडवे. उभ्यांपैकी एकाच्या टोकाला ओलं मलमलीचं फडकं गुंडाळलेलं. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतली आर्द्रता काढतात.

(दृश्य: किमान तापमापक, अगदी जवळून)
आता हा आडवा बघा. यात अल्कोहोल आहे आणि अल्कोहोलात बुडालेली बारीकशी काडी. गारठा वाढतो तसं अल्कोहोल आकसतं, काडीला मागे ओढत नेतं. उजाडल्यावर ते पुन्हा पसरतं, पण काडीच्या बाजूने निघून जातं; काडी तिथेच. तिच्या पुढच्या टोकाशी रात्रीचा नीचांक. निरीक्षक डोळा त्याच पातळीला आणून वाचतो, वहीत मांडतो, मग तापमापक तिरका करून काडी जागेवर आणतो. रोज. दिवाळीच्या पहाटेलाही.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर उपग्रहचित्र)
देशभरातली अशी निरीक्षणं, पहाटे आणि संध्याकाळी आकाशात सोडलेले फुगे, रडार, इन्सॅट उपग्रह, सगळं महासंगणकात जातं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्का’ आहे. अंदाजासाठी नकाशावर चौकोन आखतात, एका चौकोनाला एक अंदाज. पूर्वी हा चौकोन 12 किलोमीटरचा होता, मे 2025 पासून 6 किलोमीटरचा झाला.

(दृश्य: ड्रोन, कादवाकाठच्या बागा)
सहा किलोमीटर म्हणजे केवढं, ते वरून बघा. नदीकाठची सखल द्राक्षबाग, माळावरची द्राक्षबाग, मधे गाव. थंड हवा जड. वारा पडलेल्या रात्री ती उतारावरून खाली येते आणि सखलात साचते. चौकोन एकच, गारठा वेगळा. राज्याच्या महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक आहेत, आणि एका मंडळात गावं कितीतरी. गावागणिक एक केंद्र ही काही फार मोठी मागणी नाही.

(दृश्य: बागेतलं छोटं केंद्र, सौर पट्टी)
काही बागायतदार थांबलेच नाहीत, बागेतच केंद्र बसवलं. पान किती तास ओलं राहिलं हेही ते सांगतं. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची फवारणी त्यावर ठरते.

(दृश्य: शेकोट्या)
कडाक्याच्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकतात, माल निर्यातीतून बाद होतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात थंडीची लाट कळते. शेकोटी आधी कुठल्या बागेत पेटवायची, ते मात्र बागेतल्याच तापमापकावर ठरतं.