वचनाच्या आधीची ओळ

डिसेंबर लागला की पुण्यात गुरुवार पेठेतील पंचहौदपासून नाना पेठ, कॅम्प, वानवडीपर्यंत मराठी ख्रिस्ती घरांत नव्या वर्षाची कॅलेंडरे येतात आणि त्यांवर छापलेले बायबलमधील वचन वर्षभर भिंतीवर राहते. यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथातील 29व्या अध्यायाचे 11वे वचन त्यांत विशेष आवडीचे आहे. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर त्यात म्हणतो. दहावीची परीक्षा असो, नोकरीची मुलाखत असो वा घराचे कर्ज, ते आवर्जून ऐकवले जाते, आणि ऐकणारा त्यातून एवढेच घेतो की आपले काम आता लवकर होणार.

हे वचन मुळात एका पत्रात आहे. इ.स.पूर्व 597 मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि तेथील राजा, राजमाता, सरदार, कारागीर व लोहार यांना बंदिवान करून नेले. त्या बंदिवानांना यिर्मयाने हे पत्र पाठवले. त्याच सुमारास हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमक्ष जाहीर केले होते की दोन वर्षांत सारे बंदिवान परत येतील, आणि ते पटवण्यासाठी बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले जू काढून मोडून टाकले होते. लोकांना हनन्या अधिक आवडला असेल, तर त्यात नवल नाही. यिर्मयाने मात्र लिहिले की तेथेच घरे बांधून राहा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आणि 11व्या वचनाला लागूनच 10वे वचन आहे: बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. दिसला तर नातवंडांना. आज हे वचन ज्या आशेने वाचले जाते, ती आशा बरीचशी हनन्याची आहे, असे आम्हाला वाटते.

पुणे जिल्ह्यातच, केडगावी, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांना आवडते वचन तेवढे उचलून पुढे जाण्याची सोय नव्हती.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील 'मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे' हे प्रेषित पौलाचे वाक्य आता क्रीडास्पर्धांतही ऐकू येते. पौल ते कैदेतून लिहितो, आणि त्याआधीच्याच वाक्यात तो पोटभर जेवणे व उपाशी राहणे, दोन्ही शिकल्याचे सांगतो. तेथे जिंकण्याचा विषयच नाही.

प्रार्थनासभेला माणसे कमी आली की पाळक हमखास येशूचे वचन म्हणतात, जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत तेथे मी आहे. दिलासा म्हणून ते चुकीचे नाही. पण ते जेथे येते त्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात प्रसंग भांडणाचा आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून बोला, ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर न्या, मग मंडळीला, म्हणजे चर्चला, सांगा, असा तो क्रम आहे. दोन-तीन साक्षीदारांवाचून आरोप ग्राह्य धरू नये, हा मोशेच्या नियमशास्त्रातील दंडक त्यामागे आहे. म्हणूनच हे वचन संपताच येशूचा शिष्य पेत्र उपस्थितीबद्दल काही विचारत नाही. अपराध करणाऱ्या भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे तो विचारतो.