खांद्यातला स्क्रू आणि त्याची सावली

मंडळी, बोलायच्या आधी हे बघा. हा थर्मोकोलचा गोळा आहे, साडेचार सेंटिमीटरचा, म्हणजे दंडाच्या हाडाचा वरचा गोळा साधारण जेवढा असतो तेवढाच, आणि ही विणकामाची सुई, ती त्या हाडात घातलेला स्क्रू समजा. सुई मी गोळ्यात आरपार घातली आणि टोक तुमच्या बाजूने दोन मिलिमीटर बाहेर काढलं, दिसतंय ना पहिल्या रांगेला? आता समोरून टॉर्च मारतो, मागे भिंतीवर सावली बघा. नुसता गोल. टोक कुठेच नाही. आता गोळा हळूहळू फिरवतो... अजून नाही... अजून नाही... हं, आता आलं बघा कडेला बाहेर. मला आज जे सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे.

इथे बरेच जण घरच्या कुणाच्या तरी खांद्याच्या निमित्ताने आलेत आणि काही ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काम करणारी तरुण मुलं-मुलीही दिसतायत, म्हणून दोघांना कळेल असं बोलतो. खांद्याचं फ्रॅक्चर म्हणजे बहुतेक वेळा दंडाच्या हाडाचं वरचं टोक मोडतं, वयस्कर माणूस घरातल्या घरात पडतो आणि हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं. पहिली गोष्ट ही की सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. ब्रिटनमध्ये २५० पेशंटवर केलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, तुकडे जागेवरून हललेल्या फ्रॅक्चरमध्ये ऑपरेशन केलेले आणि नुसत्या झोळीत हात ठेवलेले यांच्यात दोन वर्षांनी फारसा फरक निघाला नाही. त्यामुळे मी प्लेट, म्हणजे हाडावर स्क्रूंनी बसवायची धातूची पट्टी, घालायचं ठरवतो तेव्हा ते नीट विचार करून ठरवलेलं असावं लागतं, आणि एकदा ठरवलं की मग ते बिनचूक व्हायलाच हवं, नाहीतर पेशंटला त्रास देऊन आपण मिळवलं काय?

ऑपरेशनमध्ये आपल्याला दिसतं किती? हाडाची बाहेरची बाजू दिसते. गोळ्याचा गुळगुळीत भाग, जो खांद्याच्या वाटीत फिरतो, तो दिसतच नाही, तो सांध्याच्या आत. म्हणून सी-आर्म लागतो. कुणी त्याला आयआयटीव्ही म्हणतं. इंग्रजी सी अक्षरासारखा हात, एका टोकाला क्ष-किरणांची ट्यूब, दुसऱ्या टोकाला ते पकडणारा डिटेक्टर, मध्ये पेशंट. रॉन्टजेनना हे किरण १८९५ साली सापडले, पण ऑपरेशन चालू असताना पडद्यावर लगेच बघता येण्यासारखं सी-आर्म मशीन यायला १९५५ उजाडलं, त्याआधी फिल्म काढायची, ती डार्करूममध्ये धुऊन येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, आणि चुकलं असेल तर परत तेच.

खांद्याला मशीन लावणं मात्र डोकेदुखीचं काम आहे. डोक्याशी भूल देणारे डॉक्टर, त्यांच्या नळ्या, टेबलाची लोखंडी पट्टी नेमकी मधे येते. म्हणून निर्जंतुक कापड टाकायच्या आधीच आम्ही सी-आर्म आत आणून दोन्ही व्ह्यू घेऊन बघतो, समोरून एक आणि काखेतून एक, एकमेकांना काटकोनात, आणि मग चाकं कुठे होती तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावतो. दहा मिनिटं जातात त्यात. ती दहा मिनिटं वाचवायला गेलं की नंतर उघड्या खांद्यावर अर्धा तास जातो, हे मी अनुभवाने सांगतो.

मग प्लेट. ती हाडाच्या वरच्या उंचवट्याच्या टोकापासून ५ ते ८ मिलिमीटर खाली बसायला हवी, वर सरकली तर हात उचलताना आदळते. डोळ्याने हा अंदाज हमखास चुकतो, सी-आर्मवर चुकत नाही. तसंच आतल्या बाजूचा हाडाचा कोपरा, त्याला आम्ही कॅल्कार म्हणतो, तो नीट जुळलाय का आणि तिथे खालून आधार देणारा स्क्रू बसलाय का हे बघायचं, कारण तो टेकू नसला की ठिसूळ हाडाचा गोळा पुढच्या काही आठवड्यांत आत कलंडतो आणि आधी बरोबर असलेले स्क्रू मग वरून बाहेर डोकावतात.

आणि आता ते स्क्रू. मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका आजींच्या खांद्याला मी प्लेट बसवली, समोरचा व्ह्यू इतका सुंदर दिसत होता, सगळे स्क्रू गोलाच्या आत, मी खूश होऊन टाके घातले. काखेतला व्ह्यू नीट येत नव्हता, तो सोडून दिला. सहा आठवड्यांनी आजी म्हणाल्या, "डॉक्टर, हात फिरवला की आत काहीतरी खरवडतं हो." सीटी काढला, एक स्क्रू मागच्या बाजूने दोन मिलिमीटर बाहेर. वाटीची कूर्चा, म्हणजे सांध्याचं गुळगुळीत अस्तर, घासत होता. परत भूल, परत चीर, स्क्रू काढला, पण झिजलेली कूर्चा परत येत नाही. त्या कधी चिडल्या नाहीत माझ्यावर, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तेव्हापासून ड्रिल मी फक्त बाहेरच्या भिंतीपुरता चालवतो, आत बोथट गेजने, म्हणजे खोली मोजायच्या सळईने, चाचपत जातो, आणि स्क्रू गोळ्याच्या कडेपासून ५ मिलिमीटर तरी आखूड ठेवतो. शेवटी सी-आर्मवर लाइव्ह स्क्रीनिंग चालू ठेवून हात सावकाश आत-बाहेर फिरवायचा, अगदी हा थर्मोकोलचा गोळा फिरवला तसा, आणि प्रत्येक स्क्रूचं टोक प्रत्येक कोनात आतच राहतंय का बघायचं. त्यातच गोळा आणि खालचं हाड एकजुटीने फिरतंय का तेही कळतं. आता थ्रीडी सी-आर्म आलेत, स्वतः भोवती फिरून सीटीसारखे काप दाखवतात, मिळालं तर जरूर वापरावं, पण नाही म्हणून हातावर हात धरून बसायची गरज नाही.

किरणांची भीती सगळ्यांना असते, आणि ती आमच्या स्टाफसाठी खरी आहे कारण ते रोज तिथे असतात. लेड ॲप्रन आणि गळ्याचा पट्टा हवाच, डिटेक्टर पेशंटच्या जवळ, ट्यूब लांब, आणि शॉटच्या वेळी मागे सरका, अंतर दुप्पट झालं की किरण चौथाईवर येतात. पेडलवर पाय गरजेपुरताच. पण किरण वाचवायचे म्हणून शेवटचं फिरवून बघणं टाळू नका, कृपा करून.

परवाचंच सांगतो. सगळं झालं, मी सुई-दोरा मागितला, आणि आमची टेक्निशियन, वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी, पडद्याकडे बघत म्हणाली, "सर, अजून थोडा आत फिरवता का हात? तो वरून तिसरा मला बरोबर वाटत नाहीये." फिरवला. टोक कडेला टेकलं होतं. ४४ मिलिमीटरचा स्क्रू काढून ३८ चा घातला, परत फिरवून बघितलं, आणि मग टाके घातले.