पातेल्यात शिवार

(पहाट. परसातली चूल. पाटीत सोललेले हिरवे दाणे.)

वेळा अमावस्येची भज्जी म्हणजे हिरवे दाणे आणि पालेभाज्या डाळीच्या पिठात शिजवून केलेलं कालवण. तिच्यात वांगं घालायचं की नाही, यावरून या घरात दरवर्षी जुंपते. थोरल्या जाऊबाईंचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यांच्याकडे घालतात. धाकटीच्या माहेरी चालत नाही. आजी दोघींचं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "शेतात हाय का? हाय तर घाला की." विषय संपला. वांगी शेतात आहेत.

आज वेळा अमावस्या. मार्गशीर्ष संपतो तो दिवस. इंग्रजी तारीख दरसाल पुढे-मागे होते. 2024 साली ती 30 डिसेंबरला आली होती. सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात आज घरी जेवायचं नसतं. सगळं घर शेतात जाऊन जेवतं. ज्यांना शेत नाही त्यांना कुणी ना कुणी बोलावतंच. सोलापूर शहरातून चारचाकी भरभरून माणसं दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या वाटेला लागतात, ती त्यामुळेच.

(कालची संध्याकाळ. ओसरी. सगळे घोळका करून बसलेले.)

खरं काम कालच सुरू झालं. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, पावटा, वाटाणा, सगळं पोत्यावर ओतलं आणि ज्याला हात आहेत त्याला बसवलं. पुण्याहून आलेला नातू मोबाइल घेऊन खांबाला टेकला होता. "नुसतं बघायलास व्हय? सोल की जरा." तो बसला. तुरीची शेंग नखाने शिवणीवर दाबली की उघडते. हरभऱ्याचा घाटा मात्र नखाला दाद देत नाही, तो चिमटीत दाबून फट्कन फोडावा लागतो. फोडलेल्यातले निम्मे दाणे पोरांच्या तोंडात गेले. मोठ्यांनी ते पाहिलं आणि कुणी काही बोललं नाही, कारण त्यांचंही तेच चाललं होतं. अशा बैठकीत कुणाचं लग्न ठरतंय, कुणाची म्हैस आटली, कोण कुणाशी बोलत नाही, सगळ्याचा हिशेब होतो. करमणुकीचा वेगळा कार्यक्रम ठेवायची गरज पडत नाही.

आता चुलीकडे. शेंगदाणे आणि सगळे हिरवे दाणे आधी शिजवून घेतलेत. त्यात मेथी, चाकवत, चुका, कांद्याची पात, गाजराच्या फोडी आणि हो, वांगं. हिरवी मिरची आणि लसूण वाटून. काळा मसाला नाही, लाल तिखट नाही. मग डाळीचं पीठ ताकात कालवून बारीक धारेने सोडायचं आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या. पीठ पडलं की भज्जी रटरटायला लागते, शिंतोडे मनगटावर उडतात. धाकटी पदर हाताला गुंडाळून लांबूनच पळी फिरवते आहे.

(शिवार. वाऱ्यावर डोलणारी ज्वारी.)

हे सगळं याच आठवड्यांत का जमतं, ते मातीला विचारावं लागेल. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याची भिस्त रब्बीवर. परतीच्या पावसावर पेरलेली ज्वारी पुढे काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवरच वाढते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी 35-1 हे वाण याच हवामानातलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी कोठारं उघडली, ती कथाही याच मंगळवेढ्याची.

डिसेंबर सरता सरता ज्वारीच्या दाण्यात चीक भरलेला असतो. तूर अजून पुरती वाळलेली नसते, घाटे भरलेले असतात, बोरं पिकायला लागलेली असतात. दोन-तीन आठवड्यांनी तूर कडक होईल आणि हीच भज्जी वाळल्या डाळी भिजवून करावी लागेल. करतातही काहीजण, शहरात तर बाराही महिने. खायला वाईट लागत नाही, पण मला विचाराल तर ती पिठल्याची बहीण, भज्जी नव्हे.

(बांधावर पाहुण्यांची वर्दळ. लिंबाला झोका.)

शेताच्या मध्यावर ज्वारीची उभी ताटं वर एकत्र बांधून कोप केली आहे. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, हे पांडव. पूजा झाली की भज्जी, आंबील, उंडे असा सगळा नैवेद्य घेऊन एकजण पिकातून चर शिंपत, म्हणजे तो नैवेद्य पिकावर शिंपडत निघतो आणि मागून पोरं आरोळी ठोकतात. आरोळीचे शब्द कानडी वळणाचे, गावागणिक वेगळे. अर्थ कुणालाच नीट सांगता येत नाही, आवाज मात्र पार तिसऱ्या शेतापर्यंत जातो.

मग पोरं मोकळी. पाखरं राखायच्या माळ्यावर चढायचं, तिथून गोफण फिरवायची. गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. मधल्या झोळीत मातीचं ढेकूळ. डोक्यावरून फिरवून नेमक्या क्षणी चिमूट सोडली की फटकारा वाजतो आणि चिमण्यांचा थवा उठतो. क्षण चुकला की ढेकूळ मागे उडतं. पुण्याच्या नातवाचं ढेकूळ चुलत्याच्या पांढऱ्या टोपीजवळून गेलं, तेव्हा चुलत्यांनी गोफण काढून घेतली आणि नंतर तासभर स्वतःच फिरवत बसले.

दुसरीकडे आगटी पेटली आहे. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात गुळभेंडी या हुरड्याच्या ज्वारीची कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे गरम असतानाच तोंडात टाकायचे. सोबत शेंगा चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. हल्ली तिकीट काढून हुरडा खायची सोय जागोजागी झाली आहे, बैलगाडीची फेरी आणि मोठ्याने गाणी त्यातच. त्याला नाव ठेवायचं कारण नाही, शहरातल्या माणसाने दुसरं कुठं जावं? माझी तक्रार एवढीच, की तिथं हुरडा ताटलीत येतो आणि येईपर्यंत निवतो. निवलेला हुरडा चिवट लागतो. आगटीपाशी हात भाजून घेत बसलेल्यालाच त्याची खरी चव कळते.

(पंगत. कडब्यावर अंथरलेली चवाळी.)

जेवायला बसताना आधी आंबील. ज्वारीचं पीठ शिजवून ताकात मिसळायचं, लसूण-जिरं वाटून घालायचं आणि मातीच्या बिंदग्यात भरून आंबू द्यायचं. ते बिंदगं डोक्यावरून शेतात आणायचा मान घरधन्याचा. तो वाटेत तोल सांभाळत होता आणि पोरं त्याला मुद्दाम हसवत होती. मग बाजरीचे वाफवलेले उंडे. उंडा ताटात फोडायचा, मधोमध खळगं करून त्यात भज्जी, भज्जीवर कच्चं तेल. वर गव्हाची खीर. पहिला घास घेऊन थोरले भाऊ म्हणाले, "वांगं लागतंय छान." धाकट्या जाऊबाईंनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

वाटेने जाणाऱ्यालाही हाक जाते: "ओ पाव्हणं, या की, दोन घास खाऊन जावा." चौकशी नंतर.

ऊन कलतं तशी भांडी गोळा होऊ लागतात. भज्जी कायम उरेल इतकीच केलेली असते. डबे भरले जातात: एक शेजाऱ्यांना, एक पुण्याच्या गाडीत, एक आजारी असल्यामुळे न आलेल्या मावशींना. रात्रभरात ती घट्ट होते. उद्या सकाळी पाण्याचा हबका मारून गरम होईल आणि कडक भाकरी चुरून तिच्यात जाईल. त्यासाठी तळाचा करपलेला थर कुणाच्या डब्यात जायचा, यावर दोन्ही जावांची आता नवी बोलाचाली सुरू झाली आहे.