दाराची कडी

(दृश्य : पहाट. पानशेतचं पाणी, पलीकडे धुक्यातले डोंगर.)

पुण्यात सकाळी नळाला येतं ते हेच पाणी. पानशेत, वरसगाव, टेमघर, आणि खाली खडकवासला. या पाण्याच्या मागच्या अंगाला, घोळ-दापसरेच्या डोंगरात, वाड्या आहेत. तालुका वेल्हे, आता नाव राजगड. धरणं झाली, खोरी भरली आणि समोर दिसणारं गावसुद्धा वळसा घालून गाठावं लागू लागलं.

(दृश्य : पायवाट. खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं दप्तर.)

वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा खाली गावात, हायस्कूल त्याहून लांब. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतचा. आठवी झाली की तो हात सोडतो, आणि नेमकी तिथूनच वाट लांबते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण वाडीवर एसटीच येत नाही. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी असते, ओढा भरून वाहतो. चार दिवस शाळा बुडते, मग आठवडा. पुढे नाव फक्त पटावर राहतं.

मुलीला शिकवू नका, असं आम्हाला इथे कुणी म्हणालं नाही. एक आजी म्हणाल्या, "शिकंना का! पर रानातनं एकली कशी धाडू?"

या प्रश्नाला भाषण हे उत्तर नव्हे. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेने हायस्कूलच्या जवळ घर भाड्याने घेतलं. मुली तिथे राहतात, शनिवारी घरी जातात. उन्हाळ्यात संस्थेच्या ताई वाड्या चढतात. प्रवेशाचा फॉर्म पिशवीतच असतो. आधी कोरा चहा होतो, भाताच्या बियाण्याचं बोलणं होतं.

(दृश्य : भाड्याचं घर. दारात एक आई.)

ही आई लेकीची खोली बघायला आली आहे. पुस्तकांच्या कपाटाकडे तिचं लक्षही नाही. तिने आधी दार लावलं. आतून कडी घातली, काढली, पुन्हा घातली. खिडकीचे गज हलवून पाहिले. न्हाणीघराला आतून कडी आहे का, तेही विचारलं. मग पत्र्याची पेटी भिंतीला सरकवून ती खाली बसली आणि म्हणाली, "कुठं अंगठा करायचा?"

लेक शेजारीच उभी होती. तिने पेन पुढे केलं. "आई, सही कर. शिकवलीय ना मी तुला?"