लघवीत एकदाच रक्त दिसलं तरी सोनोग्राफी करा

नमस्कार मंडळी, आज लघवीबद्दल बोलायचंय, आणि कृपा करून रेडिओ बंद करू नका, कारण याच लाजेपायी माझ्या काकांचे आठ महिने गेले.

एक दिवस त्यांना लघवी लाल झाली. दुखलं-खुपलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप साफ. काका म्हणाले उष्णता झाली असेल, धने-जिऱ्याचं पाणी प्यायले, सब्जा खाल्ला, विषय संपला. काकूलासुद्धा सांगितलं नाही. आठ महिन्यांनी परत लाल, या वेळी रक्ताच्या गुठळ्या आणि कमरेत कळा, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली आणि उजव्या किडनीत साडेसात सेंटीमीटरची गाठ निघाली, कॅन्सरची.

रक्त थांबलं म्हणजे गाठ गेली असं नसतं हो. किडनी पाठीकडे खोल असते, त्यामुळे गाठ हाताला लागत नाही, बऱ्याच जणांना तर दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली म्हणून कळते. सिगारेट, लठ्ठपणा, वाढलेलं बीपी असेल त्यांनी तर जास्तच जपायचं.

सोनोग्राफीत संशय आला की क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी, बघून शिरेतून डाय (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) देऊन सीटी स्कॅन करतात, छातीचाही काढतात कारण हा कॅन्सर फुफ्फुसात जाऊ शकतो. आम्ही विचारलं, तुकडा न तपासता ऑपरेशन कसं काय? तर किडनीच्या गाठीचं सीटीवरच बरंच कळतं, बायोप्सी दरवेळी लागतेच असं नाही.

गाठ 4 सेंटीमीटरच्या आत असली तर शक्यतो तेवढाच भाग काढून किडनी वाचवतात, वय जास्त, तब्येत नाजूक असेल तर गाठ गोठवून मारतात किंवा नुसती स्कॅन करत नजर ठेवतात. काकांची अख्खी किडनी काढावी लागली. आधी गेलो असतो तर वाचली असती का, कोण सांगणार, पण मला ते अजून टोचतं.

घरात सगळ्यांना केमोची धास्ती होती, पण या कॅन्सरवर नेहमीची केमो फारशी चालतच नाही. पसरलेला असला तरी आता उपाय आहेत, 2005-06 पासून सोराफेनिब, सुनिटिनिबसारख्या गोळ्या आल्या, 2015 पासून निवोलुमॅबसारखी इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी इंजेक्शनं. महाग आहेत, म्हणून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन कुठल्या योजनेत काय बसतं ते पहिल्याच दिवशी विचारा, संकोच नको.

काकांची दुसरी किडनी चांगली आहे, तीच सगळं काम करते. दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो, काकू बरोबर जाते, आणि फाइल तिच्याच पिशवीत असते.